आधी बघू दे

माझ्यावर मस्कतच्या एका डॉक्टरीणबाईंचं ऋण आहे. ते ज्या दुखण्यापायी झालं, त्याचा विषय चारचौघांत निघत नाही. म्हणून इतकी वर्षं त्याबद्दल लिहायचं टाळत आले. बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांना रुचणार नाही. माझं दुखणं मात्र माझ्यासोबत आहे आणि जन्मभर राहणार आहे. त्याचा जाच तेवढा संपला, तो त्यांच्यामुळे.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तासगावच्या बाजूचं. आमच्या घरात बायकांची दुखणी न्हाणीघराच्या दारापर्यंतच यायची. ‘अंगावरून जातंय’, ‘खाली आग होतेय’ एवढंच बोललं जायचं, तेही आवाज खाली आणून. औषधही ठरलेलं. तुरटीचं पाणी, कडुनिंबाचा पाला, रात्री खोबरेल तेलाचं बोट. डॉक्टर लागायचा तो बाळंतपणाला. मी बी.एस्सी., बी.एड. केलं, लग्न करून मस्कतला आले, तिथल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. दरवर्षी दहावीला प्रजननाचा धडा असायचा. फळ्यावर मी स्त्रीच्या प्रजनन संस्थेची आकृती काढायची. बीजांडकोश, बीजनलिका, गर्भाशय, ग्रीवा, योनिमार्ग. बाणांनी नावं द्यायची आणि मुलं हसायच्या आत धडा पुढे न्यायची. त्या आकृतीत बाहेरच्या त्वचेला जागाच नाही, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझं दुखणं नेमकं तिथेच होतं.

चाळिशीच्या जवळ आले तेव्हा खाज सुरू झाली. दिवसा शाळेत निभावून जायचं, रात्र मात्र नकोशी व्हायची. झोपेत खाजवलं जायचं आणि सकाळी आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मे-जूनमध्ये मस्कतला समुद्रावरून जी दमट वाफ येते, तिच्यात शाळेच्या बसपर्यंत चालत गेलं तरी कपडे अंगाला चिकटतात. त्या दिवसांत त्वचेला बारीक चिरा पडायच्या. लघवीला गेलं की झोंबायचं. मग पांढरं जायला लागायचं, सूज यायची, एखाद्या चिरेत पू व्हायचा.

मी दवाखान्यात गेले नाही असं नाही. गेले, पुष्कळदा गेले. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे डॉक्टर. मी मान खाली घालून ‘तिथे खाज येते’ म्हणायची, समोरून ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून चिठ्ठी यायची. कुणी तपासू म्हटलं नाही आणि तपासा असं मीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तपासलं नाही याचं मला बरंच वाटायचं. सुट्टीत गावी गेलं की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय ट्यूब द्यायचा. एकाच मलमात स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि जंतूंवरचं औषध, तिन्ही एकत्र. दोन दिवसांत आराम पडायचा, की मी थांबवायची. मग पुन्हा तेच. परत येताना सामानात मसाल्याच्या पुड्यांशेजारी अशा ट्यूबा असायच्या. आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. माझी गोष्ट त्याच्या आधीची.

घरात याचं काय होतं, तेही लिहायला हवं. आम्ही दोघं वेगळे झोपू लागलो होतो. ‘मला त्रास होतो’ याहून जास्त मी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. हा बाहेरून आलेला आजार तर नाही ना, ही शंका माझ्या मनात त्यांच्याबद्दल होती. त्यांच्या मनात माझ्याबद्दल होती का, हे मी आजही विचारलेलं नाही.

२०१३ च्या मे महिन्यात ओमानची आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. शनिवारी शाळा बंद आणि दवाखाने उघडे, असा एक दिवस हाती आला. त्या उन्हाळ्यात मला चालणंही जड झालं होतं. शाळेतल्या एका मल्याळी सहकारी बाईंनी मस्कतच्या रुवी भागातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. मला नवल वाटलं. हा बायकांचा आजार, त्यात त्वचेच्या डॉक्टरचं काय काम? त्या म्हणाल्या, ‘टीचर, त्वचा तिथेही असतेच ना?’

बाई ओमानी, मस्कतच्याच मत्रा भागातल्या लवातिया समाजातल्या. त्या लोकांची घरची बोली सिंधी-कच्छीच्या जवळची. हिंदी त्यांना समजायची, बोलताही यायची. मी नेहमीसारखं मान खाली घालून सांगितलं आणि चिठ्ठीची वाट पाहत बसले. बाईंनी पेन हातात घेतलंच नाही. ‘आधी बघू दे,’ म्हणाल्या, ‘बघितल्याशिवाय मी त्वचेचं औषध देत नाही. आज नको वाटत असेल तर पुढच्या शनिवारी ये. पण औषध बघितल्यावरच.’

मी तयार झाले. केरळच्या सिस्टरने पडदा ओढला, गुडघ्यांवर चादर घातली आणि माझा हात धरून उभी राहिली. बाईंनी दिवा वाकवला. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी त्या सांगत होत्या, आता इथे बघते, आता इथे. घाई नव्हती. मग त्यांनी विचारलं, ‘तू कधी पाहिलं आहेस?’ मी नाही म्हटलं. सिस्टरने एक छोटा हातआरसा दिला. दोन मुलांची आई आणि जीवशास्त्राची शिक्षिका असलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्वचा पांढरीफटक, पातळ, चुरगळलेल्या पतंगाच्या कागदासारखी. आतली नाजूक घडी एका बाजूला जवळजवळ पुसली गेलेली. पुढून मागे गुदद्वारापर्यंत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पांढरा पट्टा. त्यावर लाल चिरा आणि चिरांच्या कडेला बुरशीचा दह्यासारखा थर.

‘इथे दोन आजार आहेत,’ बाई म्हणाल्या, ‘आणि तू इतकी वर्षं दुसऱ्यालाच पहिला समजत आलीस.’

पहिला आजार म्हणजे लायकन स्क्लेरोसस. फ्रान्सचे डॉक्टर अलोपो यांनी १८८७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच त्वचेवर उलटते असं मानलं जातं. थायरॉइडच्या काही आजारांशीही त्याचं नातं आहे. तो कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही, अस्वच्छतेने होत नाही. बहुतेकदा पाळी गेलेल्या बायकांना होतो, पण वयात न आलेल्या मुलींना, मधल्या वयात आणि पुरुषांनाही होऊ शकतो. दुसरा आजार म्हणजे संसर्ग. त्वचा फाटलेली, त्यात घाम, त्यात खाजवणं. मग बुरशी आणि जंतूंना वाट मोकळी. मी संसर्गावर औषध घेत होते, तो थोडा हटत होता, पण त्याला घर देणारी त्वचा तशीच आजारी राहत होती. आणि त्या तीन औषधांच्या मलमातलं स्टेरॉइड दोन दिवस खाज दाबायचं; संसर्ग पुरता जाण्याआधी आणि त्वचा सुधारण्याआधीच मी ते थांबवत होते. दोन्ही आजार अर्धवट.

त्या दिवशी बाईंनी मलम दिलं नाही. चिरेतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवला, त्वचा खरवडून काचपट्टीवर बुरशी पाहिली, रक्तातली मागच्या तीन महिन्यांची साखर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. साखर वाढलेली निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर मी कधी येऊन पोचले, हेही त्या तपासणीतच कळलं. आधी जंतूंची आणि बुरशीची औषधं, आहाराची शिस्त, चिरा भरल्यावर मलम, असा त्यांनी क्रम लावून दिला. उपचारांना दाद मिळाली नाही किंवा एखादी जागा कडक लागली तर तुकडा काढून तपासू, हेही आधीच सांगून ठेवलं.

मग मलम मिळालं. क्लोबेटासॉल, ०.०५ टक्के. घरी येऊन खोक्यातला कागद वाचला आणि माझे हातपाय गळाले. हे औषध चेहऱ्यावर, जांघेत, गुप्तांगावर लावू नये, असं त्यात स्पष्ट छापलेलं. वर स्टेरॉइड. मी कागद घेऊन पुन्हा रुवीला गेले. बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, ‘बरं झालं आलीस. न विचारता बंद करणाऱ्या बायका मला जास्त भेटतात.’ मग त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि समजावलं. तो इशारा खोटा नाही. जांघेतल्या गजकर्णावर हेच मलम लावलं तर बुरशी पसरते, निरोगी त्वचेवर लावत राहिलं तर ती पातळ होते. पण या आजारात तेच पहिलं औषध आहे. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ तेच देतात. फरक आहे तो निदानाचा आणि मापाचा.

माप त्यांनी माझ्याच बोटावर दाखवलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मला तेवढं पुरे होतं. एक महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. ‘तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे,’ त्या म्हणाल्या. ‘आधी संपली तर तू जास्त लावतेस. बरीच उरली तर तू घाबरतेस.’ सिस्टरने आरसा धरून जागा दाखवली: इथे लावायचं, इथे नाही. डेटॉल बंद, तुरटी बंद, साबण बंद, सुगंधी वाइप्स बंद. शत्ताफच्या, म्हणजे संडासातल्या हातफवाऱ्याच्या साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, वर व्हॅसलीनचा हलका हात. सुती कपडे. लघवी त्वचेवर राहू द्यायची नाही. माझ्या आजीची सगळी औषधं एकेक करून यादीतून गेली. खोबरेल तेवढं चाललं असतं.

पुढच्या भेटीला त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. आमच्या दोघांसमोर सांगितलं की, हा आजार संबंधातून येत नाही, यात कुणाचा दोष नाही, आणि चिरा भरेपर्यंत बायकोला दुखतं ते खरंच दुखतं. ह्यांनी एकच विचारलं, ‘मी काय करायचं?’ बाई म्हणाल्या, ‘दर सहा महिन्यांनी हिला इथे आणायचं. विसरू द्यायचं नाही.’ ते काम ह्यांनी आजवर केलं आहे. आमच्यातला अबोला त्या खोलीत सुटला.

सगळं सरळ झालं असं नाही. मलम सुरू झाल्यावर बुरशी पुन्हा उलटली, साखर पूर्ण आटोक्यात नव्हती. बाईंनी मलम थांबवलं नाही. बुरशीची गोळी आठवड्याला एक अशी सहा महिने ठेवली. त्या काळात मी दोनदा धीर सोडला. दोन्ही वेळा त्यांनी दिवा वाकवून आधी पाहिलं आणि काय सुधारलं, काय नाही, ते आरशात दाखवलं. पुसली गेलेली घडी परत येणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण पांढरेपणा कमी झाला, चिरा थांबल्या, मी रात्रभर झोपू लागले.

बरं वाटू लागल्यावर मी विचारलं, आता बंद करू का? तेव्हा त्यांनी सिडनीचा एक अभ्यास वाचायला दिला, २०१५ मध्ये छापून आलेला. ५०७ बायकांचा. उपचार नेमाने घेणाऱ्यांत एकीलाही त्या जागेचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. जमेल तेव्हा घेणाऱ्या १५० जणींत सातजणींमध्ये आढळली. ‘हे भीती घालायला नाही,’ त्या म्हणाल्या, ‘दर आठवड्याचं ते बोटभर मलम कशासाठी, ते तुला कळावं म्हणून.’

त्याच वर्षी सुट्टीत मी डॉ. राणी बंग यांचं ‘कानोसा’ वाचलं. बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी कधी कुणी तपासलं होतं, अशा होत्या फक्त ८ टक्के. मी आकडे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवलं. गडचिरोलीच्या शेतमजूर बाईपेक्षा मी वेगळी आहे, असं मला वाटायचं. माझ्याकडे पदवी, पगार, एसी, विमा. पण तपासणीच्या बाबतीत मी तिच्याच रांगेत उभी होते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्या सांगू लागल्या: मस्कतमध्ये अमेरिकन मिशनच्या डॉ. सारा हॉस्मन यांनी १९१३ मध्ये बायकांसाठी दवाखाना काढला, तो बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नसत म्हणून. ‘शंभर वर्षं झाली,’ बाई म्हणाल्या, ‘आता बायका माझ्यापर्यंत येतात. पण अजून टेबलापर्यंतच.’

बाईंनी शिकवलेलं खऱ्या अर्थाने माझ्या उपयोगी पडलं ते गावी. आई सत्तरीत होती. एका रात्री मला जाग आली तर ती न्हाणीघरात तुरटीचं पाणी घेऊन बसली होती. मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. ती म्हणाली, ‘म्हातारपणी व्हायचंच. तुझ्या आज्जीलाही होतं. ती रात्री उठून गार फरशीवर बसायची.’ आज्जीचं ते फरशीवर बसणं मी लहानपणी पाहिलं होतं. उकडतं म्हणून बसते, असं वाटायचं. मी म्हटलं, ‘आई, मला बघू दे.’ ती चिडली, रडली, सकाळपर्यंत बोलली नाही. सकाळी म्हणाली, ‘दार लाव.’

मला दिसलं ते माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेलं होतं. एक चीर भरतच नव्हती. मिरजेच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात तिला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने नीट तपासलं, भूल देऊन तुकडा काढला. अहवाल येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. कर्करोग नव्हता. हा आजार काही घराण्यांत एकापेक्षा जास्त बायकांना होतो, हे त्या डॉक्टर मुलीने सांगितलं. आईचं मलम सुरू झालं. माप मी तिच्या बोटावर दाखवलं, रुवीत मला दाखवलं होतं तसंच. दोन महिन्यांनी तिने फोनवर सांगितलं, ‘रात्री उठावं लागत नाही आता.’ एवढंच. त्यानंतर तिने मला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या आधी कधी सांगितल्या नव्हत्या.

दहावीचा तो धडा मी अजून शिकवते. फळ्यावरच्या आकृतीखाली बाहेरच्या भागाची नावं लिहिते, आणि मुलींना वेगळं बसवून सांगते की इथली त्वचाही त्वचाच आहे. खाज महिनाभर राहिली, रंग बदलला, चीर भरली नाही तर आईला सांगा आणि दाखवा. याहून मोठं काही मी केलेलं नाही. ही हिंमतही माझी स्वतःची नाही, उसनी आहे.

बाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. आभार मानायचे म्हणून बरंच जुळवून नेलं होतं. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि विचारलं, ‘आईची पुढची तारीख कधी आहे?’ मी सांगितली. त्यांनी नव्या डॉक्टरांसाठी माझ्या फाइलीवर दोन ओळी लिहिल्या आणि सिस्टरला पुढचा पेशंट पाठवायला सांगितलं.

हे वाचणाऱ्या बायकांना माझं एवढंच सांगणं आहे. तिथली खाज औषधाने जाऊन पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते दर वेळी ‘इन्फेक्शन’च असेल असं नाही. मेडिकलमधून ट्यूब आणू नका, हाताशी असलेली संपवूही नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि तुम्हाला न तपासता चिठ्ठी पुढे आली, तर ती घेण्याआधी म्हणा, ‘डॉक्टर, आधी बघा.’ सोबत आई असेल, सासू असेल, तर तिलाही विचारा. ती आपणहून सांगणार नाही.